गळाला लागलेला मासा अहीर, वाम की कुचिया?

नवी दिल्ली : सापासारखा लांबट, बुळबुळीत मासा गळाला लागला की त्याला सरसकट ‘ईल’ म्हटले जाते. प्रत्यक्षात देशाच्या नद्या, तळी आणि पाणथळ जागांत आढळणारे असे मासे तीन निरनिराळ्या गटांतील आहेत. त्यांपैकी खरा ईल, म्हणजेच अहीर, आयुष्यात एकदाच प्रजनन करतो. त्यामुळे तो ओळखता येणे महत्त्वाचे ठरते.

ओळख कशी पटवावी?

अहिराच्या डोक्यामागे परांची एक जोडी असते. पाठीवरील, शेपटीचा आणि खालचा पर मिळून एक सलग झालर तयार होते. पाठीवर सुट्या काट्यांची रांग आणि लांब, मांसल तुंड दिसले, तर तो मासा वाम होय. कुचियाला बाजूचे पर नसतात आणि त्याचे श्वसनछिद्र गळ्याखाली असते. ईशान्य भारत व बंगालमध्ये तो आवडीने खाल्ला जातो.

समुद्राकडे परतीचा प्रवास

वाम व कुचिया गोड्या पाण्यातच वाढतात आणि तेथेच अंडी घालतात. अहीर मात्र अनेक वर्षे नदीत वाढून प्रजननासाठी समुद्रात जातो आणि त्यानंतर मरतो. त्याची पारदर्शक पिल्ले पुन्हा नदीमुखांतून वर चढतात. धरणे व बंधारे ही दुहेरी वाट अडवतात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने भारतीय ठिपकेदार अहिराचा समावेश ‘संकटसमीप’ गटात केला आहे.

पकडताना काय पाहावे?

अहीर निशाचर असून दिवसा खडकांच्या कपारींत दडतो. म्हणून गांडूळ किंवा लहान मासा लावलेला गळ रात्री तळाशी सोडला जातो. समुद्राकडे निघालेल्या प्रौढ अहिराचे डोळे मोठे होतात, रंग पालटतो आणि खाणे थांबते. तो आमिषाला भुलत नाही. प्रवाहात आडव्या लावलेल्या जाळ्यांत व सापळ्यांत मात्र अडकतो. असा मासा पकडला गेल्यास त्याची पुढची पिढी जन्मालाच येत नाही. त्यामुळे तो पुन्हा पाण्यात सोडणे श्रेयस्कर.

अहिराचे कच्चे रक्त विषारी असते. साफ करताना ते डोळ्यांत किंवा जखमेत जाऊ देऊ नये. मासा पूर्ण शिजवल्यावर हे विष नष्ट होते.

जपानमधील संशोधकांनी 2010 मध्ये ईलचे संपूर्ण जीवनचक्र प्रयोगशाळेत पूर्ण केले. तरीही जगभरातील ईलपालन आजही प्रामुख्याने नैसर्गिक पाण्यातून पकडलेल्या पिल्लांवरच अवलंबून आहे.