पेडल मारा, डॉक्टर बोलवा!

होस्टेलची लाईट गेली आणि मोबाईलचं चार्जिंग संपलं की आपल्याला जग बुडाल्यासारखं वाटतं. आता कल्पना करा, घरात वीजच नाही, फोन नाही, शेजारी कित्येक मैलांवर आणि डॉक्टर त्याहून लांब. शंभर वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात लोक असेच राहायचे.

१९१७ सालची गोष्ट. हॉल्स क्रीकजवळ जिमी डार्सी नावाचा गुराखी घोड्यावरून पडला. पोटात जबर मार. गावात डॉक्टर नव्हता, होता फक्त पोस्टमास्तर टकेट. त्याने तार करून पर्थच्या डॉ. हॉलंड यांना विचारलं. डॉक्टर मोर्स कोडमधून एकेक सूचना देत गेले आणि पोस्टमास्तरने भूल न देता, साध्या चाकूने ऑपरेशन केलं! डॉक्टर स्वतः बोटीने आणि मग मोटारीने निघाले. पण ते पोहोचायच्या आदल्याच दिवशी डार्सी गेला.

जॉन फ्लिन या पाद्रीला अशा गोष्टी स्वस्थ बसू देत नव्हत्या. त्याच्या प्रयत्नांतून १७ मे १९२८ रोजी क्लॉनकरीहून पहिला डॉक्टर विमानाने पेशंटकडे गेला. पण खरी अडचण वेगळीच होती. विमान आहे हो, पण त्याला बोलवायचं कसं?

इथे आपला हिरो येतो – ॲडलेडचा इंजिनिअर अल्फ्रेड ट्रेगर. बॅटऱ्या जड, महाग, आणि चार्ज कुठे करणार? हाताने फिरवायचा जनरेटर करून पाहिला, तर एक हात त्यातच अडकायचा, मग संदेश पाठवायला दुसरा माणूस लागायचा. ट्रेगरने सोपा विचार केला. पाय मोकळेच आहेत ना? मग सायकलची पेडल्स लावा! त्यातून सुमारे २० वॉट, ३०० व्होल्ट मिळायचे. फ्रीक्वेन्सी क्रिस्टलने पक्की केलेली, त्यामुळे ट्यूनिंगची झंझट नाही.

१९२९ मध्ये क्लॉनकरीच्या केंद्राशी जोडलेले पहिले सेट बसले. सुरुवातीला मोर्सच होतं. पण गुरांच्या फार्मवरच्या बायकांनी मोर्स कधी शिकायचं? म्हणून ट्रेगरने टाइपरायटरसारखा कीबोर्ड बनवला. अक्षर दाबा, त्याचा मोर्स आपोआप जाणार. १९३० च्या दशकातच थेट बोलताही येऊ लागलं.

आणि मग गंमत झाली. ठरलेल्या वेळी या बायका रेडिओवर गप्पा मारायला लागल्या! गला नावाच्या कलकलाट करणाऱ्या पोपटावरून त्याला ‘गला सेशन’ म्हणायचे. आपल्या नळावरच्या गप्पाच की! जिला महिनोन्‌महिने दुसरी बाई दिसत नव्हती, तिला त्या गप्पा औषधाइतक्याच गरजेच्या असणार.

१९५१ मध्ये ॲलिस स्प्रिंग्जच्या फ्लाइंग डॉक्टर रेडिओवरून मुलांची शाळाही भरू लागली. ‘स्कूल ऑफ द एअर’ ती हीच. आता तिथे सॅटेलाइट आणि इंटरनेट आलंय.

१९९४ मध्ये आलेल्या २० डॉलरच्या नोटेवर फ्लिनबरोबर हा पेडल रेडिओही छापला गेला. आपण प्रोजेक्टसाठी महागड्या किट्सच्या याद्या करत बसतो. ट्रेगरने आधी एवढंच पाहिलं, की सेट वापरणाऱ्या बाईचे दोन्ही हात मोकळे राहतील का. फायनल इयरचा टॉपिक ठरवताना हा प्रश्न आपणही विचारून बघू या. काय, पटतंय ना?