प्रोग्रामिंगच्या स्पर्धा : उत्साह कसा टिकवावा व प्रगती कशी साधावी



मागील दिवाळीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी मला भेटावयास आला होता. चौथीत तो माझ्या वर्गात होता. सध्या तो अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो. क्षेमकुशल झाल्यावर, तो ज्या प्रोग्रामिंगच्या स्पर्धांविषयी पूर्वी मोठ्या उत्साहाने बोलत असे, त्यांविषयी मी सहज विचारले. तो म्हणाला, "गुरुजी, त्या मी सोडल्या. सहा महिने दर आठवड्याला बसलो, पण गुणांकन होते तेथेच आहे. माझ्यात ते नाहीच."

मी विचारले, "जी उदाहरणे स्पर्धेत सुटली नाहीत, ती मागाहून सोडवलीस का?"

"स्पर्धा संपली की संपली, गुरुजी. मग पुढची स्पर्धा."

या एका उत्तरात मला त्याच्या निराशेचे कारण सापडले. ते कारण केवळ संगणकापुरते नाही. आपल्या वर्गांतूनही ते रोज आढळते. म्हणून हा विषय महाविद्यालयाचा असला तरी प्राथमिक शिक्षकांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

स्पर्धांचे स्वरूप

संगणकाकडून एखादे काम करून घेण्यासाठी जी आज्ञांची मालिका लिहितात, तिला प्रोग्राम म्हणतात. प्रोग्रामिंगच्या स्पर्धेत स्पर्धकांस काही उदाहरणे व ठरावीक वेळ दिलेली असते. प्रत्येक उदाहरणासाठी प्रोग्राम लिहून तो सादर करावयाचा. परीक्षण करणारी यंत्रणा तो प्रोग्राम अनेक गुप्त माहितीसंचांवर चालवून पाहते. उत्तर अचूक हवे, आणि ते बहुधा एक-दोन सेकंदांत यावयास हवे. चूक असल्यास 'उत्तर चुकले' अथवा 'वेळ संपली' एवढाच निकाल मिळतो. चूक कोठे आहे हे बहुधा सांगितले जात नाही.

शालेय विद्यार्थ्यांसाठी आंतरराष्ट्रीय इन्फर्मेटिक्स ऑलिंपियाड ही स्पर्धा १९८९ साली बल्गेरियातील प्रावेत्स या गावी सुरू झाली. भारत तीत २००२ पासून भाग घेत आहे. प्रत्येक देशातून अधिकाधिक चार विद्यार्थी जातात. दोन दिवस, प्रत्येक दिवशी पाच तास, असे तिचे स्वरूप आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या 'आयसीपीसी' या स्पर्धेत तिघांचा संघ असतो व तिघांत मिळून संगणक एकच असतो. यांखेरीज २००९ साली सुरू झालेले भारतातील कोडशेफ व २०१० साली रशियात सुरू झालेले कोडफोर्सेस अशा संकेतस्थळांवर घरबसल्या भाग घेता येतील अशा स्पर्धा वरचेवर होत असतात.

एक उदाहरण

ही उदाहरणे कशी असतात हे कळावे म्हणून एक सोपा नमुना देतो. काही संख्या दिल्या आहेत. त्यांतील कोणत्या दोन संख्यांची बेरीज ३८ होते, ते शोधावयाचे आहे. समजा संख्या अशा आहेत : ३, ८, १२, १७, २१, २९, ३४.

पहिली रीत म्हणजे प्रत्येक जोडी तपासणे. सात संख्यांच्या २१ जोड्या होतात. दुसरी रीत अशी : संख्या चढत्या क्रमाने मांडाव्यात आणि डाव्या टोकाची व उजव्या टोकाची संख्या मिळवावी. बेरीज कमी आली तर डावीकडून एक घर पुढे यावे. अधिक आली तर उजवीकडून एक घर मागे यावे. ३ आणि ३४ मिळून ३७, म्हणजे कमी. ८ आणि ३४ मिळून ४२, म्हणजे अधिक. ८ आणि २९ मिळून ३७. १२ आणि २९ मिळून ४१. १२ आणि २१ मिळून ३३. १७ आणि २१ मिळून ३८. सहा पायऱ्यांत उत्तर मिळाले.

२१ आणि ६ यांतील अंतर किरकोळ वाटेल. परंतु संख्या सातऐवजी दोन लाख असतील तर जोड्या सुमारे २,००० कोटी होतात. संगणक सेकंदास दहा कोटी साध्या क्रिया करतो असे धरले, तरी पहिल्या रीतीस तीन मिनिटांहून अधिक वेळ लागेल. दुसऱ्या रीतीत, संख्या एकदा क्रमाने लावल्या की, दोन लाखांहून कमी पायऱ्या पुरतात व काम डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते. तात्पर्य, या स्पर्धांत कसोटी लागते ती रीत शोधण्याची. संगणकाचा वेग तिला पर्याय होत नाही.

उत्साह का मावळतो?

अनेक संकेतस्थळांवर प्रत्येक स्पर्धकास एक गुणांकन दिलेले असते. त्याची कल्पना बुद्धिबळातून आली आहे. हंगेरीत जन्मलेले व अमेरिकेत प्राध्यापक असलेले अर्पाड एलो यांनी बुद्धिबळपटूंसाठी ही पद्धत बसविली. तुमच्याकडून जेवढी अपेक्षा होती तिच्याहून चांगली कामगिरी झाली तर आकडा वाढतो. कमी झाली तर उतरतो. अपेक्षा ठरते ती तुमच्या व इतरांच्या आकड्यांवरून. म्हणजे हा आकडा तुलनेचा आहे. विद्यार्थ्याचे ज्ञान सहा महिन्यांत वाढले, पण बरोबरीच्यांचेही तेवढेच वाढले, तर आकडा हलत नाही. माझ्या विद्यार्थ्याने त्याचा अर्थ 'मी काहीच शिकलो नाही' असा घेतला. तो अर्थ चुकीचा होता.

दुसरी गोष्ट, अपयश हे या स्पर्धांचे नित्याचे अंग आहे. वर सांगितलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये सुमारे निम्म्या स्पर्धकांस पदके मिळतात. म्हणजे देशोदेशींहून निवडून आलेल्या मुलांपैकीही निम्मी मुले पदकाविना परततात. बेलारूसचा गेनादी कोरोत्केविच २००६ साली, वयाच्या अवघ्या अकराव्या वर्षी, या स्पर्धेत प्रथम उतरला. त्या वर्षी त्यास रौप्यपदक मिळाले. २००७ ते २०१२ या सहाही वर्षी त्याने सुवर्णपदक मिळविले. त्याची बुद्धी असामान्य आहे यात शंका नाही. परंतु असामान्य बुद्धीच्या मुलासही रौप्यपदकानंतर पुन्हा अभ्यासास बसावेच लागले, एवढे आपण ध्यानात घ्यावे.

येथे मला स्वतःची एक चूक नमूद केली पाहिजे. शिक्षक असताना मी शिष्यवृत्ती परीक्षेच्या सराव चाचण्या घेत असे व प्रत्येक चाचणीनंतर फळ्यावर सर्व मुलांचे क्रमांक लिहीत असे. चुरस निर्माण व्हावी हा हेतू होता. वरची चार मुले खरोखरच चुरशीने अभ्यास करीत. परंतु सतत शेवटी येणारा एक मुलगा हळूहळू जादा तासास येईनासा झाला. पुढे त्याच्या उत्तरपत्रिका मी पुन्हा पाहिल्या, तेव्हा त्याच्या निम्म्याहून अधिक चुका एकाच प्रकारच्या आढळल्या : तो उदाहरण शेवटपर्यंत वाचतच नसे. आठ दिवसांत सुधारेल असा तो दोष होता. क्रमांकाने तो मुलगा कोठे आहे ते सांगितले. काय करावे हे त्याची उत्तरपत्रिका सांगत होती, आणि ती मी कपाटात ठेवली होती.

स्पर्धेनंतरचे काम

प्रोग्रामिंगमध्ये खरी प्रगती होते ती स्पर्धा संपल्यानंतर. स्पर्धकांत यास 'अपसॉल्व्हिंग' असा शब्द रूढ आहे. स्पर्धेत न सुटलेले उदाहरण मागाहून सोडविणे, असा त्याचा अर्थ. त्याची पद्धत पुढीलप्रमाणे सांगता येईल.

(१) सर्व न सुटलेली उदाहरणे हाती घेऊ नयेत. जेथे आपण अडलो, त्याच्या लगतचे एकच उदाहरण घ्यावे. फार सोपी उदाहरणे सोडविल्याने समाधान मिळते, शिकणे होत नाही. फार अवघड घेतल्याने दोन्हीही होत नाही.

(२) प्रथम स्वतः विचार करावा. अर्धा-पाऊण तास कागदावर लहान संख्या घेऊन पाहावे. तरीही मार्ग न सापडल्यास प्रसिद्ध झालेले स्पष्टीकरण वाचावे. मात्र ते वाचून झाल्यावर मिटावे आणि प्रोग्राम स्वतः लिहावा. पाहून उतरवलेला प्रोग्राम हा शुद्धलेखनाचा सराव होय. तेच उदाहरण आठ-दहा दिवसांनी पुन्हा, काहीही न पाहता, सोडवून पाहावे.

(३) चुकांची वही ठेवावी. प्रत्येक चुकीपुढे तिचा प्रकार लिहावा : उदाहरण नीट वाचले नाही, रीत सुचली नाही, रीत सुचली पण ती मंद होती, रीत योग्य होती पण लिहिताना चुकले. शेवटच्या प्रकारात काही चुका ठरलेल्या असतात. संख्या एकच दिली असेल तर काय होईल, किंवा सर्व संख्या समान असतील तर काय, याचा विचार राहून जातो. कधी बेरीज इतकी मोठी होते की ती ठरवलेल्या जागेत मावत नाही. ३२ बिटांच्या नेहमीच्या पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ हून मोठी संख्या बसत नाही, आणि रीत बरोबर असूनही उत्तर चुकते. महिनाभराने वही चाळली असता कोणता दोष वारंवार येतो ते विद्यार्थ्यास स्वतःस दिसते.

(४) वेळ थोडा पण नियमित द्यावा. कित्येक स्पर्धा रात्री आठच्या सुमारास सुरू होऊन दोन-अडीच तास चालतात. त्यानंतर जागरण करून न सुटलेल्या उदाहरणामागे लागू नये. झोप घ्यावी व दुसऱ्या दिवशी ताज्या मनाने बसावे.

(५) सोबत असावी. आपण काढलेली रीत दुसऱ्यास समजावून सांगताना तिच्यातील उणीव ध्यानी येते. एकट्या मुलाचा उत्साह एका वाईट स्पर्धेने मावळतो; दोघे-तिघे मिळून अभ्यास करीत असतील तर एकमेकांस सावरतात.

अलीकडे एक नवीन शंका ऐकू येते. २०२५ साली आयसीपीसीच्या अंतिम स्पर्धेतील बारापैकी बाराही उदाहरणे एका कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रणेने सोडविली. मग विद्यार्थ्याने हे कष्ट का करावेत? कॅल्क्युलेटर आल्यावर आपण पाढे सोडले नाहीत, कारण पाढ्यांचा उपयोग उत्तर मिळण्यापुरता नसून संख्येची समज येण्यासाठी आहे. येथेही तेच आहे. यंत्राने दिलेली रीत बरोबर की चूक, हे पारखणारा मनुष्य स्वतः अशा रीती शोधण्यात मुरलेला असावा लागतो. मात्र स्पर्धा चालू असताना यंत्राकडून उत्तर घेऊन ते आपले म्हणून सादर करणे ही सरळसरळ नक्कल होय. ती नियमबाह्य आहे, आणि शिकण्यास तर ती सर्वांत घातक आहे.

प्राथमिक शिक्षकाने काय करावे?

आपल्यापैकी अनेकांच्या शाळेत पुरेसे संगणक नाहीत. तथापि या अभ्यासाचा पाया संगणकाविना घालता येतो. वर दिलेले बेरजेचे उदाहरण सात मुलांच्या हाती सात पुठ्ठे देऊन शाळेच्या अंगणात करून पाहावे. दोन टोकांची मुले आत-आत येताना संपूर्ण वर्गास रीत समजते. आपल्या देशातील झोनल इन्फर्मेटिक्स ऑलिंपियाड या प्राथमिक फेरीच्या परीक्षेत प्रोग्राम लिहावा लागत नाही. उदाहरणे कागदावर विचार करून सोडवावयाची असतात. लिथुआनियात २००४ साली सुरू झालेला 'बेब्रास' हा उपक्रमही याच प्रकारचा असून तो लहान मुलांसाठीही आहे. तेव्हा ज्या मुलास कोड्यांची व गणिताची गोडी आहे, त्यास संगणक नाही म्हणून थांबवू नये.

दुसरे काम याहूनही सोपे आहे. पुढील सराव चाचणी झाल्यावर गुण वाचून दाखविण्यापूर्वी एक तासिका चुकांसाठी ठेवावी. प्रत्येक मुलाने आपली एक चूक निवडावी, तिचा प्रकार लिहावा व ते उदाहरण पुन्हा सोडवावे. ज्याला आठ गुण आहेत व ज्याला ऐंशी आहेत, त्या दोघांनाही त्या तासिकेत करण्यासारखे काम असते. चूक ही लपविण्याची वस्तू नसून वहीत मांडण्याची वस्तू आहे, ही सवय चौथीत लागलेले मूल पुढे कोणत्याही स्पर्धेत एका आकड्याने खचणार नाही.

माझ्या त्या विद्यार्थ्यास मी निघताना शंभर पानांची एक वही दिली आणि सर्वांत अलीकडच्या स्पर्धेतील एकच न सुटलेले उदाहरण तीत उतरवून घेण्यास सांगितले. तो अधूनमधून दूरध्वनी करतो. त्याचे गुणांकन किती झाले हे मी विचारीत नाही. कोणत्या पानावर आलास, एवढेच विचारतो. मागच्या खेपेस तो म्हणाला, "बासष्ट झाली, गुरुजी. पण दर तिसऱ्या पानावर चूक तीच आहे. उदाहरण शेवटपर्यंत वाचत नाही."

फळ्यावर क्रमांक लिहिणाऱ्या शिक्षकाच्या वर्गात तो शिकला होता, याची मला त्या वेळी आठवण झाली.