सत्तर लाखांच्या घड्याळात असतं काय?

मार्च २०२० मध्ये सक्तवसुली संचालनालयाने मुंबईत सॅफ्रनआर्ट या लिलावगृहामार्फत नीरव मोदीच्या जप्त वस्तू विकायला काढल्या. मोदी हा पंजाब नॅशनल बँक घोटाळ्यातला आरोपी. मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्याला डिसेंबर २०१९ मध्ये फरार आर्थिक गुन्हेगार घोषित केलं होतं. या लिलावात अमृता शेरगिल यांचं ‘बॉईज विथ लेमन्स’ हे चित्र सुमारे १५.७ कोटी रुपयांना गेलं, त्यामुळे बातम्या चित्रांच्याच झाल्या. पण त्याच यादीत एक घड्याळ होतं, आणि थांबून बघण्यासारखं होतं.

‘रिव्हर्सो जायरोटूर्बियों २’ हे त्याचं नाव. बनवणारी कंपनी स्वित्झर्लंडची जेजर-लकूल्त्र. हे मॉडेल २००८ साली बाजारात आलं आणि प्लॅटिनममध्ये त्याचे ७५ नग काढायचे असं ठरलं. लिलावात त्याची अंदाजित किंमत सत्तर लाख रुपयांपर्यंत धरली होती.

वेळ दाखवण्याच्या कामात मात्र हजार रुपयांचं बॅटरीवरचं घड्याळ त्याला हरवतं. बॅटरीच्या घड्याळातला क्वार्ट्झ स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि महिनाभरात साधारण पंधरा-वीस सेकंदच इकडेतिकडे होतो. चांगलं यांत्रिक घड्याळ तेवढा फरक काही दिवसांतच पाडू शकतं. मग एवढे पैसे कशाचे? उत्तरासाठी आधी यंत्र उघडावं लागेल, मग लिलाव.

चावीपासून काट्यापर्यंत

चावी दिली की बॅरल नावाच्या डबीतली पोलादी पट्टी घट्ट गुंडाळली जाते. ती उलगडू पाहते आणि दातेरी चाकांच्या साखळीला रेटा देते. मोकळं सोडलं तर हे सगळं काही क्षणांत भर्रकन सुटून जाईल. ते रोखतं एस्केपमेंट. अँकर नावाचा चिमुकला तुकडा शेवटच्या चाकाचा एक दात अडवतो, सोडतो, पुढचा अडवतो. आपल्याला ऐकू येणारी टिकटिक ती हीच.

अँकरने दात कधी सोडायचा, हे बॅलन्स व्हील ठरवतं. ते पूर्ण गोल फिरत नाही. केसाएवढ्या बारीक हेअरस्प्रिंगच्या ताणाने ते एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला झोके घेतं. जायरोटूर्बियों २ मध्ये हे तासाला २८,८०० झोके, म्हणजे सेकंदाला आठ, दिवसाला ६,९१,२००. समजा यात दिवसाला चार सेकंदांची चूक झाली, तर ती ऐकायला मोठी वाटते. पण दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणजे ही चूक वीस हजारांत एकाहूनही कमी भरते.

चूक येते कुठून?

बॅलन्स व्हील कितीही नेटकं घडवलं तरी एखादी बाजू कणभर जड राहते. सायकल उलटी करून चाक हलकेच सोडलं की व्हॉल्व्हची जड बाजू खाली येऊन थांबते, तसाच प्रकार. घड्याळ टेबलावर आडवं असेल तर हा जडपणा बाधत नाही. उभं धरलं की गुरुत्वाकर्षण झोक्याला कधी हातभार लावतं, कधी अडसर घालतं. एका बाजूने उभं ठेवलं तर घड्याळ पुढे जातं, दुसऱ्या बाजूने ठेवलं तर मागे पडतं.

अठराव्या शतकातलं खिशातलं घड्याळ दिवसभर कोटाच्या खिशात उभंच असे, त्यामुळे चूक एकाच दिशेने साचत जाई. अब्राहम-लुई ब्रेगे या पॅरिसमधल्या घड्याळजीने त्यावर काढलेल्या उपायाचं पेटंट त्याला जून १८०१ मध्ये मिळालं. त्याने बॅलन्स, हेअरस्प्रिंग आणि एस्केपमेंट एका पिंजऱ्यात बसवलं आणि तो अख्खा पिंजराच फिरता केला, बहुतेक घड्याळांत मिनिटाला एक फेरा. जड बाजू आता सतत जागा बदलते. अर्ध्या फेऱ्यात घड्याळ जेवढं पुढे गेलं, उरलेल्या अर्ध्यात साधारण तेवढंच मागे येतं. चूक नाहीशी होत नाही, तिची वजाबाकी होते. हाच टूर्बियों.

यात एक उणीव राहते. घड्याळ आडवं ठेवलं की पिंजरा फिरतो, पण बॅलन्सची जमिनीशी असलेली स्थिती तीच राहते, फिरणं फुकट जातं. शिवाय मनगट काही खिशासारखं स्थिर नसतं. हात लिहितो, लटकतो, उशीवर पडतो. जायरोटूर्बियोंमध्ये म्हणून दोन पिंजरे आहेत, एकात एक, वेगवेगळ्या अक्षांवर फिरणारे. बाहेरचा ६० सेकंदांत एक फेरा करतो, आतला १८.७५ सेकंदांत. बाहेरच्याचे पाच आणि आतल्याचे सोळा फेरे झाले, म्हणजे पाच मिनिटं भरली, की दोघे मूळ स्थितीला येतात. तेवढ्या वेळात बॅलन्स कितीतरी दिशांना तोंड करून आलेला असतो.

त्याची हेअरस्प्रिंगही निराळी आहे. नेहमीची सपाट चकलीच्या वळणाची असते आणि उघडता-मिटताना किंचित एका अंगाला झुकते. इथे ती उभ्या नळीच्या आकाराची, म्हणजे दंडगोल आहे, त्यामुळे ती अक्षाभोवती सारखी फाकते. जहाजावरच्या जुन्या क्रोनोमीटरमध्ये अशी स्प्रिंग असे. ती मनगटी घड्याळातल्या फिरत्या पिंजऱ्यात बसवायची, तर जागा मिलिमीटरच्या भागांत मोजावी लागते. यंत्राचे सुटे भाग साडेतीनशेहून जास्त आहेत.

केसचं मूळ हिंदुस्थानात

हे सगळं ज्या चौकोनी केसमध्ये बसवलंय, तिची कल्पना हिंदुस्थानातल्या पोलोच्या मैदानावर सुचली. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा खेळताना फुटत. ही तक्रार सेझार द त्रे या घड्याळांच्या व्यापाऱ्याने घड्याळं बनवणाऱ्या जाक-दाविद लकूल्त्रपर्यंत नेली. रने-अल्फ्रेद शोव्हो या अभियंत्याने सरकून उलटी होणारी केस आखली आणि ४ मार्च १९३१ रोजी पॅरिसमध्ये तिच्या पेटंटचा अर्ज दाखल झाला. केस उलटली की काच आत जाते आणि धातूची पाठ वर येते. जायरोटूर्बियों २ मध्ये पाठही कामाला लावली आहे, चावी अजून किती वेळ पुरेल हे तिथे दिसतं. पूर्ण चावी सुमारे ५० तास चालते.

हातोडा पडेपर्यंत

आता लिलाव. आधी लिलावगृह वस्तू तपासून तिच्या स्थितीचा अहवाल तयार करतं. केस घासली गेली आहे का, भाग मूळचे आहेत का, केस आणि यंत्रावरचे क्रमांक कागदांशी जुळतात का, डबा आणि प्रमाणपत्र आहे का. मग अंदाज छापला जातो, खालचा आणि वरचा असे दोन आकडे. याखेरीज विकणाऱ्याशी ठरलेली राखीव किंमत असते. ती जाहीर करत नाहीत आणि सहसा खालच्या अंदाजाच्या वर ठेवत नाहीत. बोली तिथवर पोचली नाही तर वस्तू विकली जात नाही.

बोली ठरावीक टप्प्यांनी चढते. शेवटच्या बोलीवर हातोडा पडतो, पण खरेदीदाराचा हिशेब तिथे संपत नाही. त्यावर लिलावगृहाचं शुल्क चढतं आणि मग कर. समजा हातोडा पन्नास लाखांवर पडला आणि शुल्क वीस टक्के असलं, तर साठ लाख अधिक कर भरावा लागतो.

हा आकडा कशाने फुगतो? तीन मोठे सौदे पाहू. हेन्री ग्रेव्हज या अमेरिकी बँकरसाठी पाटेक फिलिपने १९३२ साली पूर्ण केलेल्या खिशातल्या घड्याळात वेळेखेरीजच्या करामती, म्हणजे कॉम्प्लिकेशन्स, २४ होत्या. २०१४ मध्ये जिनिव्हात ते सुमारे २ कोटी ४० लाख डॉलरना गेलं. तिथे यंत्राला किंमत आली. नट पॉल न्यूमनचं रोलेक्स डेटोना म्हणजे साधं स्टॉपवॉचवालं घड्याळ, तरी २०१७ मध्ये न्यूयॉर्कला पावणेदोन कोटी डॉलरच्या वर गेलं. तिथे किंमत आली ती मनगटाला, आणि पाठीवर पत्नीने कोरून घेतलेल्या शब्दांना. २०१९ मध्ये पाटेक फिलिपचं ग्रँडमास्टर चाइम ३ कोटी १० लाख स्विस फ्रँकना विकलं गेलं. ते सोन्याचं नव्हतं, पोलादाचं होतं. त्या मॉडेलचा पोलादातला तो एकुलता एक नग आणि पैसे वैद्यकीय संशोधनाला जाणार होते.

म्हणजे धातूचं वजन फारसं मोजलं जात नाही. मोजली जाते करामत, नगांची संख्या आणि कागदोपत्री सिद्ध होणारा इतिहास. मनगटावर ज्याची फारशी गरजच नाही असा उपाय जायरोटूर्बियों कमालीच्या कौशल्याने करतो. गरजेच्या वस्तूची किंमत तिच्या उपयोगाने ठरवता येते. कौशल्याची ठरवायची तर ते कौशल्य अस्सल आणि शाबूत असल्याचा पुरावा लागतो, म्हणून अशा घड्याळाची कागदपत्रं यंत्राच्याच तोलाची ठरतात. सरकारी विक्रीत न्यायालयाच्या परवानगीमुळे मालकीची शंका मिटते. यंत्राची उरतेच. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या कुठल्याही यांत्रिक घड्याळातलं तेल सुकतं, आणि दुहेरी पिंजऱ्याची सर्व्हिसिंग कोपऱ्यावरच्या दुकानात होत नाही. त्यासाठी घड्याळ कंपनीकडेच पाठवावं लागतं, आणि समजदार खरेदीदार तो खर्च बोलीतून आधीच वजा करतो.

हाच हिशेब लहान प्रमाणात आपल्या घरातल्या घड्याळालाही लागू पडतो. कपाटात आजोबांचं चावीचं एचएमटी किंवा फाव्र-ल्युबा असेल, तर ते आधी साफ करून तेल घालून घ्यावं, सुकलेल्या तेलावर रोज चावी देऊन चालवू नये. केसला चकचकीत पॉलिश करू नये, कारण त्यात मूळच्या कडा झिजतात. डाग पडलेली डायल रंगवून घेऊ नये, जुनी डायल डागांसकट नव्या रंगापेक्षा मोलाची असते. एखादा भाग बदलावाच लागला, तर काढलेला जुना भाग घड्याळजीकडून मागून घ्यावा आणि खरेदीच्या पावतीबरोबर घड्याळाच्या डब्यात ठेवावा. पुढे कधी विकायची वेळ आली, तर हे घड्याळ मूळचंच आहे हे त्या डब्यावरूनच दाखवता येईल.