एकहाती बॅकहँड : देखणा, पण दुर्मीळ

रॅकेट धरणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूला आलेला चेंडू परतवण्याच्या फटक्याला बॅकहँड म्हणतात. तो एका हाताने मारताना खांदा पुरता वळवून चेंडू शरीराच्या बराच पुढे गाठावा लागतो आणि दुसऱ्या हाताचा आधार नसल्याने क्षणाचा उशीरही महागात पडतो. खांद्याच्या उंचीवर उसळलेला चेंडू ही टेनिसमधील या सर्वांत देखण्या फटक्याची दुखरी बाजू आहे. डावखुऱ्या राफाएल नदालने टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने दिलेली फिरकी, वापरून रॉजर फेडररला वर्षानुवर्षे याच कोंडीत पकडले. पुढे फेडररने मोठ्या तोंडाचे रॅकेट स्वीकारले आणि चेंडू उसळी घेत असतानाच गाठून २०१७ च्या ऑस्ट्रेलियन ओपनची अंतिम लढत नदालविरुद्ध पाच सेटमध्ये जिंकली. मात्र हा फटका मातीच्या कोर्टवर निष्प्रभ ठरतो, असे मानणे चूक आहे. लहान चणीच्या जस्टिन हेनिनने फ्रेंच ओपन चार वेळा जिंकली आणि २०१५ मध्ये स्टॅन वावरिंकाने तेथेच अंतिम फेरीत नोव्हाक जोकोविचला नमवले. तरीही फेब्रुवारी २०२४ मध्ये, १९७३ साली एटीपी क्रमवारी सुरू झाल्यापासून प्रथमच, पुरुषांच्या पहिल्या दहांत एकहाती बॅकहँड मारणारा एकही खेळाडू उरला नाही.