स्कार्बरो येथील सिग्नल व समुद्रकांठच्या इमारती

‘सिग्नल पडला’ म्हणजे गाडी येणार, वळकट्या आवळा, मुलें मोजा, हा अर्थ महाराष्ट्रांतील कोणत्याहि कुटुंबास शिकवावा लागत नसे. ‘पडणें’ हें एरवीं अशुभ क्रियापद. भिंत पडते, भाव पडतो, तोंड पडतें. परंतु आगगाडीच्या सिग्नलचें पडणें मात्र शुभ मानीत, कारण खांबावरील आडवा तांबडा हात खालीं झुकला कीं वाट मोकळी झाली असें समजावयाचें. आतां बहुतेक स्टेशनांवर रंगीत दिवे आहेत. तेथें कांहींच पडत नाहीं, तरी जुनीं माणसें ‘सिग्नल पडला’ असेंच म्हणतात. शहरांतील चौकांत तर कित्येकांच्या तोंडीं या शब्दांचा अर्थ उलटा होऊन ‘थांबा’ असा झाला आहे.

वस्तु जाते आणि शब्द मागें राहतो, हा भाषेचा नित्याचा व्यवहार होय. परंतु वस्तु जाते म्हणजे कोठें जाते, आणि तिच्याभोंवतीं उभ्या असलेल्या इतर वस्तूंचें काय होतें, हें पाहणें आम्हांस अधिक अगत्याचें वाटतें. ही युक्ति आमच्याकडे इंग्लंडांतून आली. तेव्हां त्याच देशाच्या पूर्व किनाऱ्यावरील, यॉर्कशायरांतील स्कार्बरो या गांवाचें उदाहरण घेऊं.

प्रथम या यंत्राविषयीं थोडेंसें. त्याचें इंग्रजी नांव ‘सेमाफोर’ हें ग्रीक शब्दांवरून बनविलेलें आहे. ‘सेमा’ म्हणजे चिन्ह आणि ‘फोरॉस’ म्हणजे वाहणारा. यांतील ‘फेरो’ आणि आपला ‘भृ’ हे धातु सख्खे भाऊ होत. ‘भरामि’ म्हटलें कीं संस्कृत जाणणाऱ्यास निराळें नातें सांगावयास नको. तेव्हां सेमाफोरास ‘चिन्हभृत्’ म्हणण्यास हरकत नाहीं. तें नांव कोणी उचलील अशी आशा मात्र आम्ही बाळगीत नाहीं. फ्रान्समध्यें क्लोद शाप यानें मनोऱ्यांवरील लांकडी हातांनीं निरोप धाडण्याची सोय केली, व १७९४ त पॅरिस ते लील ही मालिका सुरू झाली. तीच कल्पना चार्ल्स हटन ग्रेगरी यानें १८४१ च्या सुमारास लंडनजवळ न्यू क्रॉस येथें आगगाडीच्या कामीं लाविली.

केबिनमध्यें सिग्नलमन एक लोखंडी दांडा ओढतो. त्यास जोडलेली तार रुळांच्या कडेनें कप्प्यांवरून शेंकडों यार्ड जाते आणि खांबावरील हात हलविते. तांबड्या हातावर पांढरा पट्टा असला तर तेथें थांबावयाचें. हात पिवळा असून त्याच्या टोंकास माशाच्या शेपटीसारखी खांच असली, तर ती पुढील सिग्नलची आगाऊ सूचना. रात्रीं रॉकेलच्या दिव्यापुढें रंगीत कांचा येत. त्यांतली गंमत अशी कीं, हिरवा प्रकाश देणारी कांच निळसर असे. रॉकेलची ज्योत पिवळी, तिच्यापुढें निळी कांच धरली म्हणजे पाहणाऱ्यास हिरवें दिसतें. शिवाय जॉन सॅक्सबी यानें १८५६ त पेटंट घेतलेल्या योजनेपासून पुढें सांधे आणि सिग्नल यांचे दांडे एकमेकांत असे अडकविण्यांत आले कीं, परस्परविरोधी वाटा एकाच वेळीं मोकळ्या करितांच येऊं नयेत.

बिघडलें असतां ‘थांबा’ म्हणणें, हा या यंत्राचा सर्वांत मोठा गुण. तो त्यास जन्मतः नव्हता. २१ जानेवारी १८७६ रोजीं हंटिंगडनजवळ ॲबट्स रिप्टन येथें भर हिमवर्षावांत सिग्नलचे हात खांबांच्या खांचेंत बर्फानें गोठून बसले. दांडा फिरविला तरी हात वर येईना. सिग्नल ‘मोकळी वाट’ दाखवीत राहिला, डाकगाडी पुढील कोळशाच्या गाडीवर आदळली, आणि त्या ढिगावर समोरून दुसरी गाडी येऊन धडकली. तोंवर सिग्नल एरवीं मोकळा ठेवून कारण पडल्यासच आडवा करण्याची रीत होती. या अपघातानंतर ती उलटली. पुढें हात खालीं न पाडतां वर उचलण्याची पद्धतहि आली, म्हणजे तार तुटल्यास हात आपल्या वजनानेंच आडवा होतो. ज्यास आपण अडाणी लोखंड समजतों, त्यांत माणसांच्या प्राणांची किंमत देऊन घेतलेलें शहाणपण सांठविलेलें असतें.

स्कार्बरोस रेल्वे १८४५ त आली. स्टेशनाचा नकाशा जी. टी. अँड्र्यूज याचा. येण्यापूर्वीं तिला विरोध झालाच. गरीबगुरिबांची गर्दी गांवांत होईल, असें एका गृहस्थानें छापून प्रसिद्ध केलें होतें. गर्दी झाली, आणि तिनेंच गांव मोठें केलें. औषधी झऱ्यामुळें सतराव्या शतकापासून तेथें सुखवस्तु लोक जात. आतां कारखान्यांतील कामकरीहि एका दिवसाच्या सहलीस येऊं लागला. तत्पूर्वींचें रोटंडा हें वाटोळें संग्रहालय १८२९ चें. भूस्तरशास्त्रज्ञ विल्यम स्मिथ याच्या कल्पनेवरून तें उभारलें. झऱ्यापाशीं जोसेफ पॅक्स्टन यानें योजिलेलें सभागृह १८५८ त उघडलें. तें १८७६ त जळलें व पुन्हां नवें बांधलें गेलें.

ग्रँड हॉटेल या सर्वांवर कडी करणारें. कथबर्ट ब्रॉड्रिक यानें १८६७ त विटांचा हा डोंगर उभा केला. ऋतूंइतके चार मनोरे, महिन्यांइतके बारा मजले, आठवड्यांइतकीं बावन्न धुराडीं आणि दिवसांइतक्या तीनशें पासष्ट खोल्या, अशी त्याची मांडणी. पंचांग विटांनीं बांधण्याची ही हौस आम्हांस जरा बालिश वाटते. पण एकदां ऐकलेलें हें गणित विसरत नाहीं, हेंहि खरें. त्याच जागेवर पूर्वीं जें भाड्याचें घर होतें, त्यांत कादंबरीकार ॲन ब्राँटे हिनें २८ मे १८४९ रोजीं वयाच्या एकोणतिसाव्या वर्षीं देह ठेविला. क्षयानें खंगलेली ती बाई समुद्राची हवा मिळावी म्हणून यॉर्कहून आगगाडीनें येथें आली होती. १६ डिसेंबर १९१४ रोजीं जर्मन लढाऊ जहाजांनीं गांवावर तोफा डागल्या. त्यांत हॉटेलाचीहि मोडतोड झाली.

स्टेशनाच्या तोंडाशीं फाल्सग्रेव्ह नांवाची केबिन १९०८ ची. तिच्याजवळ १९३४ त रुळांवर आडवी लोखंडी कमान टाकली होती व तिच्यावर अकरा हात होते. सप्टेंबर १९१० नव्हे, २०१० पर्यंत ही केबिन चालू होती. म्हणजे यंत्रगणकाच्या युगांतहि तेथें मनुष्य दांडा ओढीत होता. मग दिव्यांचे सिग्नल आले व त्यांचें नियंत्रण शेजारच्या सीमर येथें गेलें. ब्लॅकपूलचे हात २०१७-१८ च्या नूतनीकरणांत गेले, ग्रेट यार्मथ व लोस्टॉफ्ट येथील २०२० त. समुद्रकांठचीं हीं स्टेशनें मार्गांच्या टोंकास असल्यामुळें तेथें जुनें अधिक काळ टिकलें होतें.

हात गेले म्हणून गळा काढणें आम्हांस मान्य नाहीं. पावसापाण्यांत, समुद्रवाऱ्यांत खांबावर चढून दिवा बदलणाऱ्या बत्तीवाल्याचे हाल कोणी पाहिले असतील, तो दिव्यांच्या सिग्नलांस नांवें ठेवणार नाहीं. प्रश्न पुढचा आहे. फाल्सग्रेव्हची कमान ऑक्टोबर २०१० मध्यें उतरवून त्याच परगण्यांतील ग्रॉसमंट येथें नेली. तेथून पिकरिंगपर्यंत हौशी मंडळींच्या श्रमांवर वाफेच्या गाड्या धांवतात, आणि तेथें हातांचें काम अद्याप संपलेलें नाहीं. केबिन मात्र होती तेथेंच आहे. संरक्षित इमारतींच्या यादींत नांव असल्यामुळें ती पाडतां येत नाहीं. पण यादी तिला काम देऊं शकत नाहीं. समुद्रावरील फ्यूचरिस्ट नाट्यगृहास, जें १९२१ त उघडलें होतें, यादीचेंहि कवच नव्हतें. तें २०१४ त बंद पडलें आणि २०१८ त जमीनदोस्त झालें. नाट्यगृह उचलून दुसऱ्या गांवीं नेतां येत नाहीं. रोटंडांत अद्याप संग्रहालयच आहे व ग्रँड हॉटेलांत अद्याप पाहुणे उतरतात. म्हणून त्यांच्या भिंतींकडे निदान कोणाचें तरी लक्ष आहे.

स्टेशनांत १३९ मीटर लांबीचा एक बांक आहे. स्टेशनांवरील बांकांत जगांत सर्वांत लांब तोच, असें मानतात. सहलीच्या गाड्यांची गर्दी बसविण्यासाठीं तो केलेला. गर्दी आतां तेवढी नसते, तरी बांक जागचा हललेला नाहीं, आणि येणारे-जाणारे त्यावर बसतात.