पंचवीस रुपयांची कव्वाली

शशिकला हें नांव निघतांच पुष्कळांच्या डोळ्यांपुढें भिवई उंचावून पाहणारी, हंसतां हंसतां दुसऱ्याच्या संसारांत विष कालविणारी स्त्री उभी राहते. ही वैरीण आपल्या सोलापूरची. माहेरचें आडनांव जवळकर. जन्म ४ ऑगस्ट १९३२. वडिलांचा व्यापार मोठा होता. सोलापूर जिल्ह्यांतील गांवोगांवीं ही चिमुरडी हौसेनें नाचे, गाई, नाटकांत काम करी.

पुढें वडिलांनीं धाकट्या भावाच्या विलायतेंतील शिक्षणापायीं हात सैल सोडला, आणि धंद्याचें दिवाळें निघालें. सहा मुलांचें तें कुटुंब मुंबईस आलें. मुलगी रूपानें देखणी, कलाही अंगीं. तिला चित्रपटांत काम मिळेल, ही एकच आशा. स्टुडिओचे उंबरठे झिजवीत असतां तिला लोकांच्या घरीं धुणींभांडीं करावीं लागलीं. मुलीच्या गुणांवर घर तरलें, असें आपण कौतुकानें म्हणतों. पण बारा वर्षांच्या पोरीनें घर तारावें, यांत कौतुक कसलें?

अखेर नूरजहानची नजर तिच्यावर गेली. नूरजहानचे पति शौकत हुसेन रिझवी तेव्हां 'झीनत' (१९४५) काढीत होते. त्यांतील स्त्रियांची कव्वाली, श्रोतेहो, आपण रेडिओवर ऐकली असेल. त्या मेळ्यांत शशिकला बसली. मोबदला २५ रुपये. पाठोपाठ 'जुगनू' (१९४७) मध्येंही काम मिळालें. तोंच फाळणी झाली, नूरजहान व रिझवी पाकिस्तानांत गेले, आणि पंधरा वर्षांच्या मुलीचा आधार तुटला.

शांतारामबापूंच्या 'तीन बत्ती चार रास्ता' (१९५३) मध्यें त्या होत्या. बिमल रॉय यांच्या 'सुजाता' (१९५९) मध्यें तर त्या घरची लाडकी, निर्मळ मनाची लेक झाल्या. मग 'आरती' (१९६२) व 'गुमराह' (१९६३) आले. दोन्हींस सहाय्यक अभिनेत्रीचें फिल्मफेअर पारितोषिक मिळालें, आणि शशिकलाबाई कायमच्या खलनायिका ठरल्या. नायिकेस आपली बाजू मांडावयास तीन तास असतात. खलनायिकेस मोजके प्रसंग. तेवढ्यांत एका भिवईनें, मानेच्या एका झटक्यानें अनर्थाची चाहूल द्यावयाची, आणि ती साधली कीं प्रेक्षकांचा राग पदरांत घ्यावयाचा! 'अनुपमा' (१९६६) मधील त्यांची हंसरी, मनमोकळी मैत्रीण मात्र फारशी कोणास आठवत नाहीं. मला ती अधिक आवडते.

पडद्यावरील या वैरिणीनें पुढें मदर तेरेसा यांच्याजवळ राहून आजाऱ्यांची शुश्रूषाही केली. २००७ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. ४ एप्रिल २०२१ रोजीं मुंबईंत त्यांचें निधन झालें.