दुपटीचा हिशेब

उन्हाळ्याच्या दिवसांत बेंबळीसारख्या गांवीं सकाळचें दूध तापविण्यास उशीर झाला, तर तें नासतें, हें घरोघरीं ठाऊक आहे. पण तासाभरापूर्वीं चांगलें असलेलें दूध एकाएकीं कसें बिघडतें? वर्गांत हा प्रश्न निघाला, तेव्हां आम्हीं मुलांस पाटीपेन्सिल घ्यावयास सांगितलें.

दुधांत सूक्ष्म जंतू असतात. एकाचे दोन, दोहोंचे चार, अशी त्यांची वाढ होते. ऊब व अन्न भरपूर असल्यास कांहीं जातींना दुप्पट होण्यास सुमारें २० मिनिटें पुरतात. म्हणजे एका जंतूचे तासांत ८, दोन तासांत ६४ आणि आठ तासांत १,६७,७७,२१६ होतात. यांतील निम्मे जंतू केवळ शेवटच्या २० मिनिटांत वाढलेले असतात! बिघाड आरंभापासून चालूच असतो. आपल्या जिभेस मात्र तो अखेरीस कळतो.

काळ दिला असतां संख्या ठरते, अशा संबंधास गणितांत फलन म्हणतात. येथें आरंभींच्या संख्येस, जितक्या दुपटी झाल्या तितक्या वेळां, २ नें गुणावें.

परंतु हाच हिशेब २४ तास चालविला, तर ७२ दुपटी होऊन २२ अंकी संख्या येते, व त्या जंतूंचें वजन हजारों टन भरेल! असें कधींच घडत नाहीं. अन्न सरूं लागतें, आंबटपणा वाढतो आणि वाढ मंदावते. म्हणून फलनांत मर्यादा घालावी लागते. बेल्जममधील व्हेरहुल्स्ट यांनीं १८३८ सालीं लोकसंख्येकरितां असें सूत्र मांडलें. १९११ सालीं हिंदुस्थानांत वैद्यकीय सेवेंत असलेले मॅकेंड्रिक व त्यांचे सहकारी केशव पै यांनीं तसाच विचार जंतूंच्या वाढीस लावला. सूत्र असें:

वाढीचा वेग = दर × संख्या × (१ − संख्या ÷ मर्यादा)

संख्या अल्प असतां कंस जवळजवळ १ असतो, म्हणून दुपटीचा नियम चालतो. संख्या मर्यादेच्या निम्मी झाली कीं वेग सर्वांत अधिक. मर्यादा गांठली कीं वेग शून्य. पुढें १९२७ सालीं याच मॅकेंड्रिक यांनीं करमॅक यांच्यासह मुंबईच्या १९०५-०६ च्या प्लेगांतील मृत्यूंचे आंकडे एका फलनांत बसवून दाखविले.

आतां घरचा उपयोग पाहूं. भांडें घासून आठांपैकीं सात जंतू घालविले, तरी तीनच दुपटी, म्हणजे एकच तास, लाभतो. परंतु गारव्यानें दुपटीचा काळ २० मिनिटांवरून एक तास झाला, तर आठ तासांत एका जंतूचे केवळ २५६ होतात. स्वच्छता आरंभींची संख्या घटविते, गारवा वेग घटवितो, दोन्हीं हवींत. तान्ह्या मुलाचें दूध वेळींच उकळावें, झांकून थंड जागीं ठेवावें, आणि बाटलींत उरलेलें पुन्हां पाजूं नये. तें चवीस चांगलें लागतें एवढ्यावर विसंबणाऱ्यानें शेवटचीं २० मिनिटें आठवावीं.